वरच्या खोलीतील विमान

मुंबई आणि बंगळूर येथील विमानतळ नकाशावर पट्टीने सरळ जोडून पाहावेत. ती रेषा सातारा शहर जवळजवळ डोक्यावर ठेवून पुढे सरकते आणि मिरजेच्या पूर्वेला काही किलोमीटरवरून कर्नाटकाकडे निघून जाते. प्रत्यक्षातील हवाई मार्ग अर्थातच पट्टीने आखलेले नसतात. तरीही पस्तीस हजार फुटांवरील विमानाला सातारा ते मिरज हे अंतर कापण्यास आठ-नऊ मिनिटे पुरतात. एस.टी.ने याच प्रवासाला किती वेळ लागतो, हे या भागातील वाचकांना सांगावयास नको.

सांगलीत विश्रामबाग भागातील एका घराच्या वरच्या खोलीतून हे उड्डाण आठवड्यातून दोन-तीनदा होते. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपली, की बारावी उत्तीर्ण झालेला मुलगा संगणकासमोर बसतो. शेजारच्या खुर्चीवर त्याचे वडील असतात. त्यांचे खते व बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि तासगावकडे दीड एकर द्राक्षबाग आहे. घरात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. वर्षभरापूर्वी ते या साऱ्याला ‘गेम’ म्हणत. आज मुलाच्या बाजूला बसून चेकलिस्ट तेच वाचतात.

विमान चालविण्याचा सराव जमिनीवर करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याने १९२९ मध्ये पहिले सराव-यंत्र बांधले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. वाद्याला हवा पुरविणारे भातेच त्याने विमानाची खोटी पेटी डोलविण्यासाठी वापरले. सतारी आणि तंबोरे घडविणाऱ्या मिरजेच्या शेजाऱ्यांना ही हकीकत विशेष रुचावी. घरगुती संगणकावर हा छंद ब्रूस आर्टविक या अभियंत्याने आणला. त्याच्याच कामावर आधारलेली मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये निघाली. त्या वेळी पडद्यावर चार हिरव्या-काळ्या रेघा असत. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांच्या आधारे अवघी पृथ्वी उभी राहिली, आणि कृष्णेची वळणे सांगलीकरांना ओळखू येऊ लागली.

मूळ कार्यक्रमासोबत येणारी प्रवासी विमाने मात्र वरवरची असतात. कॉकपिटमधील निम्मी बटणे रंगविल्यासारखी, दाबली तरी काही घडत नाही. खरी गंमत, आणि खरा त्रासही, ‘ॲड-ऑन’ विमानांत आहे. ही विमाने स्वतंत्र कंपन्या तयार करतात आणि ती निराळी विकत घ्यावी लागतात. पीएमडीजी या कंपनीचे बोइंग ७३७ आणि फेनिक्सचे एअरबस ए-३२० ही त्यांतील नावाजलेली. फ्लायबायवायर या स्वयंसेवी गटाचे ए-३२० तर विनामूल्य मिळते. अशा विमानात वीज, इंधन, हायड्रॉलिक, हवेचा दाब या प्रत्येक यंत्रणेचा हिशेब संगणक आतल्या आत करीत असतो. एक पंप बंद राहिला, तर त्याचा परिणाम दहा मिनिटांनी दुसऱ्याच ठिकाणी दिसतो.

घरी हे सारे बसविताना पहिले दोन महिने उड्डाण बाजूलाच राहिले. संगणकाचे ग्राफिक्स कार्ड कमी पडू लागले. ते बदलले तर वीजपुरवठ्याची पेटी पुरेना. विमानाच्या फाइली एका फोल्डरऐवजी दुसऱ्यात गेल्या आणि विमान यादीत दिसेना. मूळ कार्यक्रमाची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि काल चालणारे विमान आज सुरू होईना. जॉयस्टिकचा एक अक्ष उलटा लागल्यामुळे एकदा तर नाक उचलण्याऐवजी विमान धावपट्टीवरच नाक खुपसू लागले. या छंदाकडे वळणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. चार बदल एकदम करणाऱ्यास चूक कोणत्या बदलाने झाली हे कधीच कळत नाही. बँकेत फरक शोधत रात्री दहापर्यंत बसलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

हवाई मार्ग, दिशादर्शक बिंदू, धावपट्ट्यांची माहिती हे सारे जगभर दर २८ दिवसांनी अद्ययावत होते. खऱ्या विमानात ते भरावेच लागते. घरच्या विमानात जुनी माहिती राहिली, तर आखलेल्या मार्गातील एखादा बिंदू यंत्राला सापडत नाही आणि यंत्र तसे स्पष्ट सांगून अडून बसते. मुलाने भिंतीवरील दिनदर्शिकेत एकादशी-चतुर्दशीच्या खुणांशेजारी या तारखांवरही लाल गोल काढले आहेत.

विमान सुरू होते ते पूर्ण अंधारातून. बॅटरी, मग शेपटीतील छोटे इंजिन, मग त्याची वीज, मग सहा इंधन-पंपांपैकी नेमके हवे तेवढे. त्यानंतर विमानाला ते पृथ्वीवर कोठे उभे आहे हे सांगावे लागते. अक्षांश-रेखांश भरल्यावर आतील यंत्रे स्थिर होण्यास काही मिनिटे जातात. ही प्रतीक्षा टाळण्याची सोय कार्यक्रमात आहे. मुलगा ती वापरीत नाही. मग मार्ग, वजन, इंधन, वाऱ्याचा वेग आणि शेवटी उड्डाणाचे वेग. एवढे होईपर्यंत विमान जागचे हललेलेही नसते आणि अर्धा-पाऊण तास गेलेला असतो. पाहुणे आलेली मुले या टप्प्यावर कंटाळून खाली निघून जातात.

अण्णांना मात्र हाच भाग आवडू लागला. एकाने वाचावे, दुसऱ्याने पाहून उत्तर द्यावे, ही पद्धत दुकानातील मालमोजणीची. एके संध्याकाळी मुलगा म्हणाला, “अण्णा, तुम्ही वाचा, मी बघून सांगतो.” तेव्हापासून तो कागद त्यांच्या हाती आहे. इंग्रजी शब्दांचे उच्चार त्यांचे स्वतःचे आहेत. पण उत्तर आल्याशिवाय ते पुढची ओळ वाचीत नाहीत.

त्यांचे मत पूर्णपणे बदलले ते एका चुकीने. या विमानाच्या संगणकात वजनासाठी दोन ओळी आहेत. एकीत इंधनासह एकूण वजन आणि दुसरीत इंधनाविना वजन लिहायचे. मुलाने इंधनाविना असलेले ५८ टन एकूण वजनाच्या ओळीत भरले. यंत्राने विमान सहा टनांनी हलके समजून उड्डाणाचे वेग कमी काढून दिले. धावपट्टीवर त्या वेगाला नाक उचलताच विमान जड पावलांनी उठले आणि शेपटी जमिनीला घासली. पडद्यावर कोणी दगावले नाही, की कोणाचे काही गेले नाही. तथापि अण्णा बराच वेळ गप्प होते.

खऱ्या जगात असे घडले आहे. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या विमानाचे वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन असे भरले गेले. एका आकड्याची चूक. शंभर टनांचा फरक. धावपट्टी संपत आली तरी विमान उचलेना, शेपटी घासली, आणि २७५ माणसे घेऊन ते कसेबसे हवेत जाऊन सुखरूप परतले. मार्च २०१५ मध्ये एअरएशिया एक्सच्या विमानात सिडनीचे रेखांश भरताना एक शून्य भलत्या ठिकाणी पडले. विमान आपण हजारो किलोमीटर दूर आहोत असे समजून चालले आणि अखेर क्वालालंपूरऐवजी मेलबर्नला उतरवावे लागले. दोन्ही वेळा माणसे अनुभवी होती. आकडा एकाने लिहावा आणि दुसऱ्याने तपासावा, ही जुनी रीत तेथेही होतीच; त्या दिवशी तपासणारा डोळा आकड्यावरून घसरला, इतकेच.

आता मूळ प्रश्न. मुलाला वैमानिक व्हायचे आहे. व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज अर्ध्या कोटीच्या आसपास जातो, आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण त्यावर निराळे. शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपुढील रकमेस मालमत्तेचे तारण लागते. घरात तारण देण्याजोगे म्हणजे ती दीड एकर बाग. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, नोकरी मिळालेली असो वा नसो. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते.

कागद काढायला घेतले त्या सुमारास साताऱ्याचे मामा आले. मामांना अमोल यादव यांचा फार अभिमान. यादव मूळचे पाटण तालुक्याचे. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. “आपल्या जिल्ह्याचा माणूस विमान बांधतो,” हे मामांचे आवडते वाक्य. तेव्हा तेच प्रथम होकार देतील अशी घरात सर्वांची समजूत होती. मामा म्हणाले, “दाजी, यादव आधी वैमानिक होते, मग गच्चीवर चढले. पोराचे डोळे-कान आधी तपासून घ्या, सातबारा मग काढा.”

हा सल्ला मोलाचा होता. वैद्यकीय तपासणीचे दोन टप्पे असतात, वर्ग दोन आणि त्यानंतर वर्ग एक. वर्ग एकमध्ये जो बसत नाही, त्याला बाकीचे सारे करूनही व्यावसायिक परवाना मिळत नाही. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांत १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून, आणि एक तीनशे सागरी मैलांचा प्रवास दोन निराळ्या विमानतळांवर उतरून. घरातील संगणकावरचा एकही तास यात धरला जात नाही. मान्यताप्राप्त यंत्रावरील थोडे तास धरतात, तेही ठराविक प्रशिक्षणापुरतेच. मुलाच्या वहीत तोवर तीनशेहून अधिक तास जमा झाले होते. तो हिरमुसला, यात नवल नाही.

मामांनी आणखी एक गोष्ट सुचविली. प्रशिक्षण संस्थेत पहिल्या दिवशी ७३७ कोणी देत नाही. एका इंजिनाचे छोटे विमान देतात. ते घरीच चालवून बघ म्हणाले, आणि स्वयंचलित यंत्रणेला हात न लावता. उड्डाण कराडहून कोल्हापूरला ठरले. कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी १९५५ मध्ये बांधलेली. नकाशा मांडीवर, खाली नदी आणि महामार्ग बघत जायचे, एवढेच काम. सहा पंपांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या या मुलाने प्रीतिसंगमावरून वळताना महामार्ग सोडला आणि कृष्णा धरली. पंचवीस मिनिटांनी समोर कोल्हापूर येण्याऐवजी हरिपूरचा संगम आणि सांगलीचा पूल आला. घर सोडून कोल्हापूरला निघालेला वैमानिक घरावरच येऊन पोहोचला, म्हणून आई पोट धरून हसली. मुलगा हसला नाही. पुढील तीन आठवडे त्याने तेच उड्डाण केले; कृष्णा, वारणा आणि पंचगंगा वरून वेगवेगळ्या ओळखू येईपर्यंत.

घरच्या यंत्राला आणखी एक उणीव आहे आणि ती कोणतीही कंपनी भरून काढू शकत नाही. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही, कानात दडे बसत नाहीत. पडद्यावर शिकलेला मुलगा खऱ्या विमानात खिडकीबाहेर बघण्याऐवजी काट्यांकडे बघत राहतो, अशी शिक्षकांची नेहमीची तक्रार असते. उलट कंटाळा न येता तासभर तयारी करण्याची आणि आपली चूक लिहून ठेवण्याची वृत्ती मुलात आहे की नाही, एवढे मात्र या यंत्रावर कर्ज काढण्यापूर्वी कळू शकते. बाग तारण ठेवणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती लहान नव्हे.

वर्ग दोनची तपासणी झाली. अहवाल ठीक आहे. वर्ग एकसाठी तारखेची वाट पाहणे चालू आहे. सातबाऱ्याचा उतारा कपाटात आहे. तोवर संध्याकाळची उड्डाणे सुरू आहेत. साताऱ्यावर विमान येते तेव्हा उजव्या खिडकीतून शिवसागराचे पाणी काळोखण्याच्या बेतात असते. आई दार अर्धवट उघडून विचारते, “आपलं घर दिसतंय का रे?” एवढ्या उंचीवरून घर दिसत नाही, दिव्यांचा एक पुंजका दिसतो, मुलगा “हो” म्हणतो. मिरज मागे पडल्यावर लवकरच उतरण्याचा हिशेब सुरू होतो. उंचीच्या हजारांची तिप्पट, म्हणजे पस्तीस हजारांना एकशे पाच सागरी मैल. घराजवळच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये याच बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला होता, हे अण्णा प्रत्येक वेळी सांगतात. मुलगा प्रत्येक वेळी ऐकून घेतो.

धावपट्टीचे दिवे समोर आले, की अण्णा चष्मा सावरून वाचतात, “लँडिंग गिअर?”

“खाली. तीन हिरवे.”

“फ्लॅप्स?”

“तीस. हिरवा दिवा.”

चाके टेकल्यावर अण्णा दुकानातून आणलेली लाल वही उघडतात. तारीख, ठरविलेले इंधन, खर्च झालेले इंधन, फरक. गेल्या मंगळवारी फरक ११० किलोंचा निघाला. का निघाला ते सापडेपर्यंत दोघे खाली झोपायला आले नाहीत.