कॉम्प्युटरलाही ऊन लागते



मी नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. नाव ऐकून बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटते, साहेबांचा झाडीत बंगला असेल. प्रत्यक्षात एकाला एक लागून स्लॅबची घरे आहेत. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली धग सोडत राहतो. 23 मे 2013 रोजी नागपूरला 47.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. नवतपा सुरू झाला की माणसे कूलरसमोर बसतात, गुरे झाडाखाली बांधली जातात, कोंबड्यांच्या खुराड्यावर ओले पोते पडते. टेबलावरच्या कॉम्प्युटरची मात्र कोणी विचारपूस करीत नाही.

शेतीच्या पानावर कॉम्प्युटर कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण सात-बारा आणि आठ-अ आता त्यातूनच निघतात. महाडीबीटीचा अर्ज, पीकविमा, दूध संकलनाचा हिशेब, सारे त्यातच. बऱ्याच गावांत शेतकऱ्याचाच एखादा शिकलेला पोरगा घराच्या पुढच्या खोलीत सेवा केंद्र चालवितो. त्याचे यंत्र बंद पडले तर गावाचे काम अडते.

कुही तालुक्यातल्या अशाच एका पोराचा गेल्या उन्हाळ्यात मला फोन आला. त्याचे वडील माझ्या जुन्या ओळखीचे. "साहेब, दुपारचे दोन वाजले का आपोआप बंद पडते जी. पुन्हा चालू केला तर दहा मिनिटांत परत बंद." पीककर्जाचे दिवस होते. बाहेर कडुनिंबाखाली पंधरा-वीस माणसे उताऱ्यासाठी बसलेली. त्यात एक म्हातारी बाई लागोपाठ दुसऱ्या दिवशी आली होती. तालुक्याच्या एका दुकानदाराने फोनवरच निकाल दिला होता की मशीन संपले, नवे घ्या. वडिलांनी भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेली तुरीची पोती विकायला काढली होती. मी म्हटले, रविवारपर्यंत थांबा, पोत्यांना हात लावू नका.

मी बीएस्सी ॲग्री झालेला माणूस, कॉम्प्युटरचा इंजिनीअर नव्हे. पण आमच्या घरी हाच प्रकार होऊन गेला होता. दुरुस्तीला आलेल्या कारागिराशेजारी बसून मी चार गोष्टी शिकलो होतो, त्या इथे उपयोगी पडल्या.

खोलीवर टिनाचे छप्पर. टेबलाच्या खालच्या कप्प्यात पेटी ठेवलेली, तिची पाठ पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटून. दुपारनंतर त्या भिंतीला हात लावून पाहा, कढईसारखी तापते. पेटीच्या बगलेला यूपीएस. आणि कळस म्हणजे पेटीच्या डोक्यावर घडी करून ठेवलेला ओला टॉवेल! पोराने मायेने ठेवला होता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा. मी आधी बटण बंद करून प्लग काढला, मग टॉवेल उचलला. पाण्याचा एक थेंब आत उतरला असता तर तूर खरोखरच विकावी लागली असती.

झाकण उघडले तेव्हा दुखणे समोरच दिसले. खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात दिवाळीपासून कापूस साठविला होता. त्याचे तंतू आणि रस्त्याची धूळ मिळून आतल्या पंख्यावर घोंगडीसारखा थर बसला होता.

आता आत काय घडते ते सांगतो. गावात सगळ्या पेटीलाच सीपीयू म्हणतात. पण खरे काम आतली बिस्किटाएवढी एक चकती करते. तिला प्रोसेसर म्हणतात. ती तापते. तिची उष्णता ओढून घ्यायला वर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, आणि त्या पात्यांतून वारा फिरवायला पंखा. पेटीच्या पुढून हवा आत यावी, तापलेली हवा मागून बाहेर पडावी, अशी रचना असते. कॉम्प्युटरने घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. साधे ऑफिसकाम करणारे यंत्र पडद्यासकट शंभर-दीडशे वॅट घेते, म्हणजे जुना पिवळा शंभरचा बल्ब बंद कपाटात दिवसभर पेटत ठेवल्यासारखे. चकती नव्वद-शंभर अंशांच्या आसपास गेली की ती आधी मंद चालते. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद होते. म्हणजे पोराचे यंत्र संपले नव्हते. ते शहाणपणा करीत होते.

कांदा चाळ बांधलेल्यांना हे चटकन कळेल. चाळ जमिनीपासून उंच का घेतो? खालून हवा शिरावी, कांद्यातून फिरावी, ऊब घेऊन निघून जावी म्हणून. चाळीच्या फटी बुजविल्या तर कांदा सडतो. पेटीच्या जाळ्या बुजल्या की यंत्र गुदमरते. त्याला थंडी लागत नाही, वाट लागते. हवेची वाट. चाळीला आपण एसी बसवीत नाही, तसाच कॉम्प्युटरलाही बहुधा लागत नाही.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. बाहेर पंचेचाळीस अंश असताना पंख्याचा वारा माणसाला भाजतो, कारण आपले अंग सदतीस अंशांचे आणि वारा त्याहून गरम. आतली चकती मात्र ऐंशी अंशांवर असते. तिला पंचेचाळीसचा वारासुद्धा थंडच! म्हणून उन्हाळ्यात टेबलफॅनचा खरा उपयोग माणसापेक्षा यंत्राला अधिक. अर्थात खोली जितकी तापेल तितकी आतली चकतीही वर चढते. बहुतेक कंपन्या खोली 35 अंशांपर्यंत असावी असे धरून यंत्र बनवितात. आपल्याकडे मे महिन्यात 35 म्हणजे पहाटेची गोष्ट.

साफसफाई अशी करा. प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. पेटी अंगणात न्या, कारण ती धूळ खोलीत उडविली तर परत आतच बसते. रंगकामाचा कोरा, कोरडा ब्रश घेऊन पात्यांतला मळ हळूहळू सोडवा. ब्लोअर असेल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरू देऊ नका. ओले फडके नको, रॉकेल नको. पेटीच्या एका कोपऱ्यात, जिथे विजेची वायर लागते तिथे आणखी एक लोखंडी डबा असतो. त्याचे स्क्रू मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ विजेचा साठा राहतो. त्याच्या जाळीवरची धूळ बाहेरूनच काढा. एवढे करूनही यंत्र तापत असेल तर चकती आणि ठोकळा यांच्यामधला लेप वाळला असेल. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. तो कारागिराकडून बदलून घ्यावा. मसुरीच्या दाण्याएवढा पुरतो, लोण्यासारखा थापायचा नसतो. कापसाच्या किंवा पिठाच्या गिरणीजवळच्या घरांनी दर महिन्याला झाकण उघडून पाहावे, इतरांनी होळीनंतर एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा.

काही जण एका बाजूचे झाकण कायमचे काढून समोर टेबलफॅन लावतात. अडीनडीला ठीक आहे, मीही एक दिवस केले आहे. पण पाली, उंदीर आणि लहान मुलांची बोटे यांना ते उघडे आमंत्रणच.

आता कूलर. आपल्याकडे मे महिन्याची दुपारची हवा अगदी कोरडी असते, त्यामुळे कूलर उत्तम चालतो. पण समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. आलेली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. कूलरचा झोत थेट पेटीवर सोडू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतात. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच मग यंत्रातही बसतो. पेटी झोताच्या बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवा. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरने खोली फारशी थंड होत नाही. तेव्हा नुसता पंखाच बरा.

आम्ही त्या दिवशी पेटी कप्प्यातून काढून टेबलावर घेतली, पश्चिमेची भिंत सोडून उत्तरेच्या भिंतीजवळ, चारी बाजूंनी वीतभर जागा ठेवून. कापूस तोवर विकला गेलाच होता. टिनावर चुना मारला. भाजीच्या मांडवाची जुनी शेडनेट पडून होती, ती टिनापासून हातभर उंच ताणली, म्हणजे मधून वारा खेळतो. पऱ्हाटी किंवा तणस मात्र छपरावर टाकू नका. एक ठिणगी पुरते.

यूपीएस वेगळ्या कोपऱ्यात ठेवला. त्यातल्या शिशाच्या बॅटरीचा ठोकताळा असा आहे की पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य निम्म्यावर येते. बियाण्याचेही तसेच, साठवणुकीचे तापमान पाच अंशांनी उतरले की आयुष्य जवळपास दुप्पट होते, हे मी बैठकींतून सांगतच असतो.

उष्णतेने यंत्राचे कसे हसे होते ते नागपूरकरांनी 30 मे 2024 रोजी पाहिले. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखविले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने खुलासा केला की संवेदकच बिघडला होता. आमच्या गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "बाप्पा, थर्मामीटरलाच ऊन लागलं!"

पोराचे यंत्र त्यानंतर दुपारीही चालू राहिले. पण पूर्ण खरे सांगायचे तर एका भयंकर दुपारी तीनच्या सुमारास ते पुन्हा एकदा बंद पडले. दाब कमी होता, टिन तापले होते. मग त्याने वेळच बदलली. सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. म्हातारी माणसे उन्हात येईनाशी झाली, हा त्यात आणखी लाभ. त्या बाईंचा उतारा सोमवारी सकाळी साडेसातला निघाला. तूर पुढे त्यांनी आपल्या वेळेने विकली.

जाता जाता एक. गावाचे हिशेब, मुलांचे दाखले, फोटो जे काही त्या यंत्रात असेल, त्याची प्रत आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह कागदपत्रांच्या पेटीत ठेवा, कॉम्प्युटरच्या टेबलावर नव्हे.

कोणाचे यंत्र अजूनही बंद पडत असेल तर जरूर कळवावे. पत्रात छप्पर कशाचे आहे, पेटी कोणत्या भिंतीला आहे आणि किती वाजता बंद पडते, एवढे मात्र लिहावे.