तिचं पान स्मरणिकेत हवं

गेल्या जानेवारीत आमच्या बोर्डिंगच्या माजी विद्यार्थिनींचा मेळावा झाला. अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) एका तालुक्याच्या गावची ही कॅथलिक सिस्टरांची मुलींची शाळा. नाव मुद्दाम देत नाही. एका शाळेचा हिशेब मांडायचा नाही. अशा शाळांत वाढलेल्या आम्ही बायका आठवणी कशा सांगतो आणि कुठल्या गाळतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

जेवणाआधी कुणीतरी गंमत म्हणून जुनी पितळी घंटा वाजवली. साठ-सत्तर बायका होतो. कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी शेतमजूर, कुणी नातवंडं काखेत घेऊन आलेल्या. बोलता बोलता सगळ्या गप्प झाल्या, उभ्या राहिल्या, हात आपोआप जुळले. आणि मग एकच हशा पिकला. वीस-तीस वर्षांनीसुद्धा घंटा अंगात तशीच होती!

मग आठवणींना पूर आला. पहाटे पाचला उठून हौदाच्या गार पाण्यानं, परकर बांधून केलेल्या आंघोळी. डोक्यावर ओढणी घेऊन अर्धवट झोपेत गाठलेली सहाची मिस्सा. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी जपमाळ, आणि पन्नास नमो मारिया म्हणताना एकमेकींच्या खांद्यावर पडणारी डोकी. उपवासकाळात दर शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थळं करून सोललेले गुडघे. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीची यात्रा, तिथल्या बांगड्या, तिथली भेळ. नाताळच्या सुट्टीआधी माती कालवून केलेला गोठा, आणि त्यातल्या मेंढराचा दरवर्षी मोडणारा पाय.

मीही हसत होते, सांगत होते. १९९९ ते २००५, पाचवी ते दहावी मी तिथं काढली. तिथल्या धर्मानं मला काय दिलं ते आधी सांगते, कारण ते खरं आहे.

माझ्या आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. आमच्या वस्तीत बाई म्हणजे कुणाची तरी बायको, नाहीतर कुणाची तरी विधवा. बोर्डिंगमध्ये मी पहिल्यांदा अशा बायका पाहिल्या ज्यांना नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि तरी कुणी ‘बिचारी’ म्हणत नव्हतं. एक सिस्टर दवाखाना चालवायच्या, एक स्वतः जीप चालवत गावोगाव जायच्या, एकीचा गणितात हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. लग्नाशिवायही बाईला आयुष्य असतं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. या बायकांनी ते जगून दाखवलं.

दुसरं, वाचायला उभं राहणं. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली आणि त्यानंतर मिस्सा लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत आली. त्यामुळे सातवीत मला चर्चमध्ये सगळ्यांसमोर मराठीत बायबलचा उतारा वाचता आला. तोपर्यंत ‘मोठ्यानं बोल’ असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. सगळे सांगायचे ते ‘हळू बोल’. आज तहसील कचेरीसमोर माईक हातात घेते तेव्हा पाय थरथरत नाहीत, त्याची सुरुवात तिथं झाली.

पण त्याच चर्चमध्ये वाचून झालं की मी खाली येऊन बसायचे. वेदीपाशी सेवा करायला मुलगे यायचे. मुलींचं बोर्डिंग, बाकांवर शंभर-सव्वाशे मुली, आणि गावातून तीन मुलगे बोलावून आणायचे! वेदीवरची वस्त्रं धुवायच्या आम्ही, इस्त्री करायच्या आम्ही, फुलं रचायच्या आम्ही. १९९४ मध्येच रोमनं मुलींना वेदीसेवेची मुभा दिली होती आणि निर्णय त्या त्या बिशपांवर सोडला होता. आमच्यापर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. स्त्रियांना धर्मगुरू होता येणार नाही, हे त्याच वर्षी पोपनी पुन्हा निक्षून सांगितलं होतं. पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत बायकांचेही पाय धुवावेत, याला मान्यता मिळाली २०१६ मध्ये. वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांना रीतसर खुली झाली २०२१ मध्ये. दार उघडतंय, पण किती सावकाश!

गणितवाल्या सिस्टर, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळ्या फादर येईपर्यंत थांबायच्या. ते आल्याशिवाय मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. ज्या बायका सगळं चालवत होत्या, त्यांनीच आम्हाला सगळ्यात मोठा गुण म्हणून शिकवलं ते आज्ञापालन. पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो अँग्लिकन पंथात. तिथल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून वाद झाला तो याच आज्ञापालनावरून. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही आणि प्रश्न विचारणंही सोडलं नाही. आम्हाला बोर्डिंगमध्ये रमाबाईंचा धडा होता. हा वाद त्यात नव्हता.

आता मुद्द्यावर येते. मेळाव्यात ठरलं की स्मरणिका काढायची. प्रत्येकीनं एक पान लिहायचं, विषय ‘बोर्डिंगमधलं आमचं धार्मिक जीवन’. पन्नासेक पानं आली. मी संपादन समितीवर आहे, सगळी वाचली. घंटा, जपमाळ, गोठा, शिक्षा म्हणून गुडघ्यावर बसणं, आणि शेवटी ‘सिस्टरांनी आम्हाला घडवलं’. एका मैत्रिणीचं पान मात्र वेगळं होतं. समितीनं बहुमतानं ते बाजूला ठेवलं आहे.

तिच्या परवानगीनं थोडक्यात सांगते. सातवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत घरातल्याच एका माणसानं तिच्यावर जबरदस्ती केली. ती परत आली. धर्मशिक्षणाच्या तासाला शुद्धतेविरुद्धच्या पापांची यादी पाठ होती, त्यापलीकडे तिच्याजवळ शब्द नव्हते. म्हणून पहिल्या शुक्रवारी पापनिवेदनाला जाऊन ती म्हणाली, ‘माझ्याकडून अशुद्ध कृत्य झालं.’ जाळीपलीकडून विचारणा झाली, ‘एकटीनं की कुणाबरोबर?’ ती म्हणाली, ‘कुणाबरोबर.’ प्रायश्चित्त मिळालं दहा नमो मारिया. तिनं वीस म्हटल्या. तरी मन निवेना, म्हणून पुढच्या महिन्यात तेच पाप पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. अशी दोन वर्षं.

आम्ही एकाच लांब खोलीत झोपायचो. तिच्या-माझ्या पेट्या शेजारी होत्या. मला वाटायचं ती फार भाविक आहे.

फादरना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. तिनं ‘पाप’ म्हणून सांगितलं, त्यांनी पाप म्हणून ऐकलं. पण आणखी एकच प्रश्न विचारायचा होता. ‘तुझ्या मनाविरुद्ध झालं का, पोरी?’ पापनिवेदनातली गोष्ट धर्मगुरूला बाहेर कुणाला सांगता येत नाही हे खरं. पण हे तुझं पाप नाही, एवढं तिलाच सांगायला, आणि बाहेर जाऊन सिस्टरना सांग असं सुचवायला कुठलाच नियम आड येत नव्हता. आणि सिस्टरांनी आम्हाला शरीराबद्दल पापाच्या भाषेखेरीज दुसरी भाषाच दिली नव्हती. मुलगी काय बोलू शकेल हे तिच्या तोंडी कुठले शब्द दिलेत त्यावर ठरतं. समाजकार्याचं शिक्षण घेताना हे वाक्य मी परीक्षेसाठी लिहिलं होतं. त्याचा अर्थ कळायला तिचं पान हातात यावं लागलं.

समितीतल्या मैत्रिणींचे आक्षेप तीन आहेत. तिघीही माझ्या जवळच्या आहेत, म्हणून गंभीरपणे उत्तर देते.

पहिला आक्षेप, ‘आनंदाच्या प्रसंगी हे कशाला?’ पण त्या पानात आनंदही आहे. ताप आला तेव्हा स्वतःचा स्वेटर काढून देणाऱ्या सिस्टर आहेत, रात्री चोरून गुळाचा खडा देणाऱ्या स्वयंपाकघरातल्या मावशी आहेत. ती आजही दर रविवारी मिस्सेला जाते. तिला बदनामी करायची नाही. तिचं म्हणणं एवढंच, की माझं धार्मिक जीवन विचारता ना, मग माझं हे होतं.

दुसरा, ‘ज्यांचं अन्न खाल्लं त्यांच्यावर बोट?’ या अन्नाची गोष्ट नीट सांगू या. बोर्डिंगमध्ये दोन प्रकारच्या मुली होत्या, फी भरणाऱ्या आणि फुकट राहणाऱ्या. सकाळच्या अभ्यासाच्या तासाला फुकटवाल्या आम्ही तांदूळ निवडायचो, भाकरी थापायचो, अंगण सारवायचो. फुकटवाल्या बहुतेक एकाच जातीच्या, पूर्वाश्रमीच्या महार कुटुंबांतल्या. देवासमोर सगळे सारखे, हे रोज ऐकायचो. आणि आमचे आईबाप कुठं जाणार होते? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा लाभ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून तर आमच्यातल्या कितीतरी मुलींचं बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. शासनानं हात आखडला तिथं सिस्टरांनी भाकरी दिली, ती आम्ही विसरणार नाही. पण ती भाकरी आम्हीही थापली आहे. आणि कुठल्याही भाकरीची किंमत तोंड बंद ठेवणं ही असू नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड जातो. ‘बाहेर वातावरण कसं आहे बघ. आपलंच पान दाखवून उद्या लोक आपल्याच शाळांवर दगड मारतील.’ ही भीती खोटी नाही. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये चर्च जाळली गेली, जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारलं. त्याच वर्षी जूनमध्ये मी पेटी घेऊन बोर्डिंगला आले. तेव्हापासून ही भीती आमच्याबरोबर आहे.

पण त्याच काळातली दुसरी गोष्ट आठवा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरायचं. बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा त्याग असं काहीतरी सिद्ध करावं लागायचं. ख्रिस्ती बायकांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला आणि २००१ मध्ये तो कायदा बदलला. तेव्हाही वातावरण चांगलं नव्हतं. समाज बुडाला नाही, उलट त्यातल्या बायका थोड्या ताठ उभ्या राहिल्या. अल्पसंख्य समाजातल्या बाईला नेहमीच सांगितलं जातं, आत्ता नको, बाहेरचे टपलेत. शहाबानोच्या वेळी मुस्लिम मैत्रिणींनी हेच ऐकलं. बाहेरच्यांचा द्वेष आणि घरातली चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींशी आपल्याला एकाच वेळी लढावं लागतं. दगड मारणारे आमचं पान वाचून मारत नाहीत. त्यांना पानाची गरज कधीच नव्हती. पानाची गरज आहे ती आज बोर्डिंगमध्ये असलेल्या सातवीतल्या मुलीला.

आणि हे चर्चच्या विरोधात आहे असंही नाही. २०१० मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं स्वतःच स्त्री-पुरुष समतेचं धोरण जाहीर केलं. आमची स्मरणिका त्या धोरणाचं एक पान ठरू दे.

मैत्रिणींनो, हे फक्त सिस्टरांच्या बोर्डिंगपुरतं आहे असं समजून पान उलटू नका. आश्रमशाळा, सरकारी वसतिगृहं, आपल्या संस्थांनी चालवलेली मुलींची घरं, सगळीकडे घंटा आहे, प्रार्थना आहे, संस्कार आहेत, उपकार आहेत. तिथल्या माजी विद्यार्थिनीही मेळाव्यात गोडच बोलतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली. आमच्या वेळी तो नव्हता, आज आहे. पण मुलीनं सांगितलं तरच कळवता येतं. म्हणून प्रत्येक वसतिगृहात अशी एक बाई हवी, जिच्याजवळ मुलगी जे सांगेल ते पाप म्हणून सांगावं लागणार नाही. आणि शरीराबद्दल बोलायचा एक तास हवा, प्रार्थनेइतकाच नेमानं.

समितीची पुढची बैठक अजून व्हायची आहे. वाचायला उभं राहण्याबद्दलचं माझं पान त्यांच्याकडे दिलेलं आहे. मी कळवलं आहे की तिचं पान छापलं तर माझंही छापा, तिच्या शेजारी. पेट्या शेजारी असताना मला काही कळलं नाही, निदान पानं तरी शेजारी असू देत.