मूठ वळत नाही: वरवे बुद्रुकच्या आमवातग्रस्तांचे मागणीपत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
प्रत माहितीसाठी: राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, गणेशखिंड, पुणे

महोदय,

भातलावणीला रोपांची मूठ बांधावी लागते. आमच्यातल्या एका ताईंना ती बांधता येईना. सकाळी तासभर बोटेच मिटत नसत. ‘वात आहे’ म्हणून दोन वर्षे वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. वय चौतीस. आमवाताचे निदान झाले तोवर दोन बोटे वाकडी झाली होती.

हा आजार झिजेचा नव्हे. प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि ते कसे घडते हे बरेचसे उंदरांनी शिकवले. १९७७ साली उंदरांना कूर्चेतले टाइप-२ कोलॅजन टोचले तेव्हा त्यांचे सांधे सुजले. पुढे दिसले की एका जातीच्या उंदराला आजार होतो, दुसरीला तेच टोचूनही होत नाही. फरक प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा. माणसातही एचएलए-डीआरबी१ जनुकाचे काही प्रकार धोका वाढवतात. जपानमधल्या एसकेजी उंदरांत जनुकदोष जन्मजात असतो, तरी जंतुमुक्त पिंजऱ्यात त्यांचे सांधे शाबूत राहतात. बुरशीतला बीटा-ग्लुकान टोचला की सुजतात. ‘आईला होता, आता माझ्या कपाळी’ ही आमच्याकडची समजूत म्हणूनच अर्धीच खरी.

हे काम दूरदेशीच चालते असेही नाही. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले, की इंटरल्युकिन-३ हे प्रथिन प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढवून उंदरांतला संधिवात सौम्य करते. भिगवणला संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ पासून घरोघर पाहणी केली. हजार प्रौढांत सुमारे पाच जणांना आमवात आढळला. भिगवण आपल्याच जिल्ह्यात आहे. भोर-वेल्ह्यात अशी मोजणी व्हावी, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी तातडीची. सहा आठवड्यांहून अधिक सांधे सुजलेल्या रुग्णाची आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी तपासणी तालुक्यातच व्हावी. ज्याच्या घरात आमवात आहे, त्याला आधी बोलवावे. महिन्यातून एकदा संधिवाततज्ज्ञ भोरला यावेत. आज पुण्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाची वेगळी.

तिसरी मागणी औषधाची. आमवातावरची मेथोट्रेक्सेट गोळी स्वस्त आहे. ती सरकारी दवाखान्यात अखंड मिळावी. पाकिटावर मराठीत ठळक लिहावे: ‘आठवड्यातून एकदाच’. रोज घेतली तर ही गोळी जिवावर बेतते, आणि आमच्याकडे सगळ्या गोळ्या रोजच घेतात. रक्त आणि यकृताची तपासणीही तिच्याबरोबरच हवी.

संशोधकांनाही एक विनंती. आजार बायकांना दुपटी-तिपटीने अधिक, आणि कोलॅजनच्या प्रयोगांत बहुधा नर उंदीर घेतात. माद्याही घ्याव्यात. प्राण्यांवरील प्रयोगांना आमचा सरसकट विरोध नाही. १९९२ मध्ये टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी उंदरांचे सांधे सुधारले, त्यातूनच आजची इंजेक्शने आली. पण ज्यांच्या आजारासाठी हे जीव खर्ची पडतात, त्यांना निष्कर्ष मराठीत समजावून सांगावेत. ग्रामसभेत एक तास द्या, चावडीवर बसायला जागा आहे.

आषाढात लावणी सुरू होईल. त्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे.

आपले,
आमवातग्रस्त व त्यांचे कुटुंबीय
वरवे बुद्रुक, ता. भोर, जि. पुणे