‘कुष्ठ नाही’ एवढ्याने भागत नाही

गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यात, बांधीच्या चिखलात उभी राहून रोवणी करणाऱ्या एका प्रौढ बाईचा हात मी जवळून पाहिला, तेव्हा कोपरावरच्या तांबूस चट्ट्यावर अभ्रकासारखी चकाकणारी खपली होती, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे होते, आणि दोन बोटे मुळापासून टोकापर्यंत इतकी सुजली होती की पऱ्ह्यांची जुडी त्यांत धरवत नव्हती. चट्ट्याला स्पर्श कळतो, तेव्हा हे कुष्ठ नव्हे, असा निर्वाळा तिला मिळाला होता. बोटांची विचारपूस मात्र कोणी केली नव्हती.

त्या निर्वाळ्याने घरच्यांचा जीव भांड्यात पडला, यात नवल नाही. ज्या विदर्भात महारोग्याला गावाबाहेर काढीत, त्याच विदर्भाने दत्तपूर आणि आनंदवन ही कुष्ठरोग्यांची सेवाकेंद्रे उभारली, तरी ते भय अद्याप पुरते ओसरलेले नाही. तिची लक्षणे मात्र सोरायसिसची होती, आणि युरोपातही सोरायसिस दीर्घकाळ कुष्ठातच गणला जाई. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हेब्रा यांनी १८४१ मध्ये तो निराळा ठरविला.

परंतु निराळा म्हणजे क्षुल्लक नव्हे. हा विकार स्पर्शाने पसरत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच बेताल झाल्याने, महिनाभरात गळून पडावयाची त्वचा चार-पाच दिवसांत वर ढकलली जाते. हाच दाह अनेकांच्या सांध्यांत उतरतो, आणि तीव्र विकारात मधुमेह, हृद्रोग व विषण्णता यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये याला गंभीर असंसर्गजन्य रोग म्हटले, ते याच कारणाने.

आशाताई कुष्ठरोग शोध मोहिमेत घरोघर डाग पाहतात आणि तिशीपुढील माणसांची रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीसाठी नोंदही त्याच करतात. मग खपलीचा चट्टा दिसताच ‘सकाळी सांधे आखडतात का?’ हा प्रश्न दप्तरात रुजू करून, रोग्याचा रक्तदाब आणि साखर मोजून, त्याला २०१६ पासून गोंदियात असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविण्याचा हुकूम सरकारने का काढू नये? रोग्यांनीही दुकानातून परस्पर स्टिरॉइडच्या गोळ्या आणू नयेत, कारण त्या एकाएकी थांबल्या की विकार दुप्पट जोराने उसळतो.

सांधा एकदा झिजून वाकडा झाला की कोणतेही औषध त्याला पूर्ववत करीत नाही. आणि ज्या घरची चूल रोवणीच्या मजुरीवर पेटते, तेथे दोन बोटे निकामी होणे म्हणजे अर्धा हंगाम बुडणे होय.