गणवेशाची शिवण उसवून बघा

शाळेत मला गणवेश फुकट मिळायचा. फुकट हा शब्द गुरुजी इतक्या मोठ्यानं उच्चारायचे की सदरा घेताना मान आपोआप खाली जायची. घरी आलो की दारातच तसल्याच सदऱ्यांचा ढीग. पोटमाळ्यावरच्या कारखान्यातून गठ्ठा यायचा. आई बटणं लावायची, धागे कापायची, डझनावर पैसे. तेही शेठच्या मर्जीनं, आज या, उद्या या करत. बत्ती गेली की मेणबत्ती लावून बसायची. तेव्हा कळलं नाही, आज कळतं. मला फुकट काहीच मिळालेलं नव्हतं. माझ्या गणवेशाची किंमत माझी आईच भरत होती.

म्हणून या अंकात आम्ही सरकारलाच विचारतोय : बाबा रे, तुझे कपडे शिवतं कोण?

दोस्तांनो, सरकार नुसतं राज्य करत नाही, ते बाजारही करतं. त्याच्याएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं नाही. पोलिसाची खाकी, झाडूवाल्याचा गणवेश, हॉस्पिटलातली चादर, पोरांचं दप्तर, सगळं टेंडर काढून घेतलं जातं. आणि टेंडरचा रिवाज काय? माल कागदावर बसला की ज्याचा भाव सगळ्यात कमी, त्याला काम. बाबू लोक त्याला ‘एल-वन’ म्हणतात. आता भाव कमी करायचा कुठून? कापडाचा भाव गिरणी ठरवते, विजेचा वीज नियामक आयोग. उरतो शिवणारा हात, त्याचाच भाव पाडायचा. ठेकेदार काम पोटठेकेदाराला देतो, तो गल्लीतल्या कारखान्याला, कारखाना पोटमाळ्याला, आणि शेवटी गठ्ठा येऊन पडतो आमच्या आयाबहिणींच्या मांडीवर. सरकारी फायलीत मात्र एकट्या ठेकेदाराचं नाव आणि खाली गोल शिक्का.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे. वेठ. महारकीत आपले आजे-पणजे सरकारी टपाल वाहायचे, साहेबाचं सामान वाहायचे, वतनाच्या तुकड्यावर. राबवून घेणारं सरकारच होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं ते याचसाठी. १९४६ साली मजूरमंत्री असताना किमान वेतनाचं बिल त्यांनीच मांडलं, त्याचा कायदा १९४८ ला झाला. घटनेच्या कलम २३ नं वेठबिगारीवर बंदी घातली.

आणि तरी १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांचं काय झालं बघा. दिवसाची किमान मजुरी सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया जमादार मधेच खायचा, मजुराच्या हातावर सव्वाआठ. पीयूडीआर ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं : किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे कलम २३ खालची सक्तीची मजुरीच, कारण पोटाची आग हीसुद्धा सक्तीच आहे. आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून सरकारला हात झटकता येणार नाहीत. एवढा स्पष्ट निकाल! मग जो न्याय स्टेडियमच्या विटेला, तो गणवेशाच्या टाक्याला का नाही?

हे आमच्याच डोक्यातलं खूळ आहे असं समजू नका. अमेरिकेत नॉर्थ ओल्मस्टेड नावाच्या लहानशा शहरानं १९९७ साली ठरवलं, की घाम पिळणाऱ्या कारखान्यांचा माल नगरपालिका घेणार नाही. पुढे लॉस एंजेलिसनं २००४ साली, सॅन फ्रान्सिस्कोनं २००५ साली तसे नियम केले. तिथंही हे आपोआप झालं नाही, लोकांनी पिच्छा पुरवला म्हणून झालं.

आपल्याकडे सरकारी खरेदीत लहान उद्योगांना वाटा आहे. त्यातले चार टक्के दलित-आदिवासी मालकांसाठी, २०१२ च्या धोरणापासून. चांगलंच आहे. पण मालक आपला झाला म्हणून मशीनवर बसलेल्या पोरीची मजुरी वाढत नाही. ‘आपला माणूस’ म्हणून त्याला सूट देणार असाल तर आधी तिच्या तोंडावर जाऊन सांगा. २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं ‘एक राज्य, एक गणवेश’ काढलं, शिलाई बचत गटांच्या बायकांकडे दिली आणि वर्ष संपता संपता निर्णय फिरवला. ओरड झाली ती गणवेश उशिरा आले, मापात बसले नाहीत याची. शिवणारीला काय मिळालं, हे किती जणांनी विचारलं?

परवा गल्लीतली एक मावशी मला म्हणाली, “तू टेंडर-बिंडरच्या भानगडीत पडू नको रे. हाय ते काम बी जाईल.” तिची भीती खोटी नाही. इन्स्पेक्टर येतो, कारखान्याला टाळं लागतं, शेठ दुसरीकडे दुकान थाटतो आणि मावशीची चूल विझते. म्हणून आमची मागणी नीट समजून घ्या. आम्हाला धाड नको, दर पाहिजे. टेंडरमध्येच शिलाईचा किमान दर लिहा, त्याखालची बोली फेकून द्या. माल कुठल्या गल्लीत, कुणाकडून शिवला त्याचे पत्ते फायलीला जोडा. मजुरी बुडाली तर ठेकेदाराच्या बिलातून कापा आणि ज्याची त्याला द्या. काम मात्र त्याच हातात राहू द्या.

आता वाचून अंक बाजूला ठेवू नका. माहितीचा अधिकार २००५ पासून तुमच्या हातात आहे. आपल्या वॉर्डातल्या शाळेचा गणवेश घ्या आणि अर्ज टाका : टेंडर कुणाला, भाव काय, शिवलं कुठं, शिवणारीला किती दिले? शेवटच्या दोन प्रश्नांवर बहुतेक ‘माहिती उपलब्ध नाही’ असंच येईल. तो कागद जपून ठेवा. तोच घेऊन आपण सगळे मिळून पालिकेच्या दारात बसणार आहोत. येताना मावशीलाही घेऊन या. बोलायचं तिनं आहे.

जय भीम!