ड्युटी फ्री खाऊ

फ्रँकफर्टहून आलात, टोब्लेरॉन. दुबईहून आलात, टोब्लेरॉन. सिंगापूरहून आलात, तरी तेच त्रिकोणी चॉकलेट. आयटीतल्या माझ्या मित्रांनो, तुम्ही नक्की गेला होतात कुठे?

हे चॉकलेट १९०८ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जन्मलं. २०२३ मध्ये त्याच्या वेष्टनावरचा मॅटरहॉर्न पर्वत काढायचं ठरलं, कारण काही उत्पादन स्लोव्हाकियात जाणार होतं आणि स्विस कायदा अशा मालावर ते चित्र छापू देत नाही. म्हणजे आता त्या चॉकलेटलाही आपलं गाव धड सांगता येत नाही.

'पूर्वीही लोक आयत्या वेळीच घ्यायचे की!' घ्यायचे ना. गाडी सुटता सुटता लोणावळ्याच्या फलाटावर चिक्की, साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे. घाई हा गुन्हा नाहीच. पण चिक्की लोणावळ्याची होती, पेढे साताऱ्याचे होते. पुडा बघून घरच्यांना कळायचं, स्वारी कुठून आली ते. टोब्लेरॉन बघून एवढंच कळतं, की विमानतळ लागला होता.

अनेक विमानतळांवर सिक्युरिटी चेक संपला की गेटकडची वाटच दुकानातून वळणं घेत जाते. हा युजर फ्लो आपण इंजिनिअरांनी तरी ओळखायला हवा: बाहेर पडायचं बटण लपवा, खरेदीचं समोर ठेवा. करमाफीचा खरा फायदा दारू-सिगारेटवर. चॉकलेट शहरातल्या सुपरमार्केटात अनेकदा स्वस्त मिळतं.

'वेळच मिळत नाही रे' हेही मला पटत नाही. सहा महिने ऑनसाइट राहणारा माणूस दर आठवड्याला दूध-ब्रेड आणायला जातोच. तिथूनच उचला, तुम्ही रोज चहाबरोबर खाता ती बिस्किटं. आजीला बर्लिन नकाशावर दाखवून काय कळणार? पण नातू सकाळी काय खातो, हे तिला एका घासात कळेल. व्हिडिओ कॉलवर खोली दिसते, खिडकीबाहेरचा बर्फ दिसतो. चव तेवढी पोचत नाही. ती पोचवणं हेच खाऊचं काम.

ड्युटी म्हणजे कर, आणि ड्युटी म्हणजे कर्तव्यसुद्धा. पहिली माफ करायचा अधिकार त्या दुकानाला आहे. दुसरी फक्त घरचेच माफ करू शकतात, आणि ते बिचारे दर वेळी करतातही. 'छान आहे हो' म्हणतात आणि चॉकलेट फ्रीजमध्ये ठेवतात. मागच्या वेळच्या चॉकलेटशेजारी.