दमा, वेदनाशामके आणि प्रोस्टाग्लँडिन

प्रोस्टाग्लँडिन म्हणजे शोथ आणि शोथ घटला की श्वास मोकळा, असे समीकरण औषधांच्या माहितीपत्रकांतून सर्रास मांडले जाते. 'प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते' हे वाक्य संधिवाताच्या गोळीवर शोभेल. तमकश्वासाच्या कल्पावर तोच गुण म्हणून छापणे शास्त्राला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोस्टाग्लँडिन हे एक द्रव्य नव्हे, ते एक कुटुंब आहे. श्वासनलिकेच्या स्नायूवर त्यांची ग्राहके, म्हणजे रिसेप्टर, निरनिराळी. डी-२ किंवा त्यांचे भावंड थ्रॉम्बॉक्सेन टीपी ग्राहकावर बसले की स्नायू आकुंचन पावतो. याउलट ई-२ हे ईपी-४ ग्राहकावर बसले की पेशीतील चक्रीय एएमपी वाढून स्नायू शिथिल होतो. सालब्युटामॉलही दुसऱ्या दाराने हेच साधते. उंदरात हे काम प्रामुख्याने ईपी-२ करते, मानवात ईपी-४, असे लंडनच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले. (प्राण्यांवरील प्रयोग जाहिरातीत वापरणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.) मात्र तेच ई-२ ईपी-३ मार्फत खोकला उत्पन्न करते, त्यामुळे ते हुंगवून दमा शमविण्याच्या मार्गात खोकलाच आडवा आला. डी-२ च्या दुसऱ्या ग्राहकास रोखणारे फेव्हिपिप्रँटही २०१९ मध्ये अंतिम चाचण्यांत अपयशी ठरले.

अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबविते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. काही दमारुग्णांत नेमका येथेच घात होतो. ई-२ चा लगाम सुटतो, ल्युकोट्राईन उसळतात आणि अर्ध्या ते तीन तासांत श्वासाचा वेग येतो. प्रौढ दमारुग्णांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के, तीव्र दम्यात त्याच्या दुप्पट. नाकातील कोंब आणि वास न येणे ही त्याची ठळक लक्षणे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनीही तेच घडते. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉल बहुतेकांना सोसते.

हा विषय खारबावसारख्या गावी पुस्तकी राहत नाही. भाताची लावणी, गोदामातील हमाली, भिवंडीच्या यंत्रमागावरील पाळी यांतून आलेल्या माणसाची कंबर दुखतेच. सुताच्या धुळीने छातीही भरलेली असते. तो संध्याकाळी दुकानात येतो आणि 'दुखण्याची गोळी द्या' म्हणतो. रात्री श्वास लागला तर भिवंडी गाठेपर्यंतचा वेळ कोणाच्या हाती आहे? म्हणून औषधविक्रेत्या बंधूंना आग्रहाची विनंती आहे: गोळी देण्यापूर्वी दमा आहे का, नाक चोंदते का, पूर्वी अशा गोळीने श्वास लागला होता का, एवढे विचाराच. सांधेदुखीच्या निनावी पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत. त्यांत डायक्लोफिनॅक मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत आणि नाव मात्र आयुर्वेदाचे खराब होते.

आपली वासाही या चर्चेबाहेर नाही. तिच्यातील व्हॅसिसीन श्वासनलिका शिथिल करते; ब्रोमहेक्सिन त्याचेच कृत्रिम रूपांतर. परंतु तेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडविते आणि त्यामागे प्रोस्टाग्लँडिनचे उत्सर्जन असावे, असे जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९७८ च्या सुमारास मांडले. गर्भिणीच्या कासश्वासात वासा योजताना हा विचार व्हावा, आणि वासावलेहाच्या वेष्टनावर तशी सूचना मराठीत छापण्याचा आग्रह आपल्या संघटनेने उत्पादकांकडे धरावा.